पट्टा ताठ राहतो, तरंगतो, सुटतो: १:३५ फिगरच्या बंदुकीचा पट्टा दुरुस्त करताना

१:३५ ची, म्हणजे खऱ्याच्या पस्तीसाव्या भागाएवढी, सैनिकाची मॉडेल फिगर नीट जमलेली असते. चेहऱ्याच्या छटा, गणवेशाच्या चुण्या, बुटांवरचा वाळलेला चिखल, सगळं पटतं. खांद्यावरच्या रायफलीचा पट्टा मात्र कुणीतरी नंतर आणून चिकटवल्यासारखा दिसतो. मग साहित्य बदलून बघायचं. कागदाऐवजी मास्किंग टेप, टेपऐवजी शिसं, शेवटी महागडं फोटो-एच पितळ, म्हणजे रसायनाने कोरून कापलेला पितळेचा पातळ पत्रा. पुढच्या फिगरला पुन्हा तेच.

तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण "कशाचा करू?" असं विचारतो. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी या क्षणी बंदुकीचं वजन कोण पेलतंय हे ठरवावं लागतं, आणि त्यानंतर पट्टा त्या विशिष्ट बंदुकीला कुठे नि कसा अडकतो हे बघावं लागतं. ही दोन उत्तरं हातात असली की साध्या कागदाचा पट्टाही खरा दिसतो. ती नसली तर पितळही वाया जातं.

वजन कुणावर आहे?

बंदूक खांद्याला लटकवलेली असेल तर तिचं सगळं वजन पट्ट्यावर असतं. ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांच्या ली-एन्फिल्डसारखी रायफल चार किलोच्या आसपास भरते. एवढं वजन लटकल्यावर पट्ट्यात कुठेही झोल राहत नाही. खांद्यापासून पुढच्या कडीपर्यंत (पट्टा ओवायची बंदुकीवरची कडी) एक सरळ रेघ, खांद्यापासून मागच्या कडीपर्यंत दुसरी. किटमधल्या फिगरवर इथेच घोटाळा असतो: खांद्यावरून गेलेला पट्टा छान गोलसर, मोकळा, आणि रायफल पाठीपासून दोन-तीन मिलिमीटर दूर. एवढी वजनदार वस्तू हवेत तरंगतेय हे बघणाऱ्याच्या डोळ्याला लगेच खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

इथे उपाय पट्ट्यावर करायचा नाही, खांद्यावर करायचा. पट्टा जिथून जातो तिथे अरुंद कानस किंवा सुरीच्या टोकाने कापडात हलकी खाच पाडा, म्हणजे पट्टा कापडात रुतलेला दिसतो. खाचेच्या दोन्ही बाजूंना पुटीचा, म्हणजे मॉडेलच्या भरावाचा, बारीकसा उंचवटा दिला तर आणखी उत्तम. रायफल आधी पाठीला टेकवून पिन लावून पक्की करा. पट्टा शेवटी, आणि तोही दोन तुकड्यांत: एक खांद्यावरून पुढच्या कडीपर्यंत, दुसरा काखेखालून मागच्या कडीपर्यंत. जोड खांद्याच्या मागे किंवा पट्टा धरलेल्या मुठीत लपतो. एका सलग पट्टीने दोन्ही टोकं आणि खांदा असं तिन्हीकडे एकाच वेळी ताण जमवण्याचा हट्ट कशासाठी, हे मला कधी कळलं नाही.

बंदूक हातात असेल तर पट्ट्यावर फक्त त्याचं स्वतःचं वजन असतं. मग तो दोन कड्यांमधून खाली झोळी पडावी तसा लोंबतो. सर्वांत खोल भाग दोन कड्यांच्या बरोबर मध्ये येतो, पण फक्त बंदूक आडवी असेल तेव्हाच. नळी वर केली की झोल मागच्या कडीकडे सरकतो. पुष्कळ मॉडेलांत बंदूक तिरकी असते आणि झोल तरीही मधोमध. दागिन्याची बारीक साखळी घ्या, बंदूक ज्या कोनात आहे त्या कोनात दोन टाचण्या लावून त्यावर सोडा आणि मोबाइलवर फोटो काढा. तो आकार समोर ठेवून पट्टा वाकवायचा. अंदाजाने नाही.

छोटा पट्टा स्वतःच्या वजनाने लोंबेल ही आशा सोडून द्या. आकार पस्तीस पटीने लहान केला की पट्टीचं वजन तिच्या ताठरपणापेक्षा फार वेगाने घटतं. म्हणून मूळ वस्तूत मऊ वाटणारं तेच कापड लहान मापात काडीसारखं वागतं. झोल आपल्यालाच द्यावा लागतो.

तिसरी अवस्था हालचालीची, आणि ती सर्वांत कमी वेळा नीट केली जाते. एक उदाहरण घेतो, कारण इटलीतली मराठा लाइट इन्फंट्री हा विषय आपल्याकडे बरेच जण करायला घेतात. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री (पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन). १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच टॉमीगन नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांवर तुटून पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला.

हा क्षण करायचा आणि बंदुकीला पट्टा दाखवायचा ठरवला, तर तो खाली लोंबणार नाही. बंदूक ज्या दिशेने फिरतेय त्याच्या उलट बाजूला तो मागे ओढला जाईल, दस्त्याच्या टोकाकडे जास्त, हाताकडे कमी. असा पट्टा खाली लोंबवला तर सगळी हालचाल गोठते. बघणाऱ्याला वाटतं, सैनिक बंदूक उलटी धरून नुसता उभा आहे.

पट्टा एकाच दिशेला वाकतो

हा मुद्दा समजला तर निम्म्या तक्रारी संपतात. चपटा पट्टा पृष्ठभागाच्या बाजूने सहज वाकतो, धारेच्या, म्हणजे अरुंद कडेच्या, बाजूने वाकत नाही. खऱ्या पट्ट्याला दिशा बदलायची असली की तो पीळ खातो. आपण काय करतो? चिमट्याने पट्टी धारेच्या दिशेने ओढून कडीपर्यंत पोहोचवतो. आतल्या कडेला सुरकुत्या येतात, बाहेरची कड ताणली जाते, आणि तो चामड्याचा किंवा कापडाचा पट्टा उरत नाही.

ली-एन्फिल्डच्या कड्या बंदुकीखाली असतात आणि कडीची तार आडवी असते. म्हणजे पट्टा कडीतून निघताना त्याची सपाट बाजू बंदुकीकडे तोंड करून असते. खांद्यावर तो सपाट टेकतो. या दोन जागांमध्ये पट्ट्याला साधारण पाव पीळ पडलाच पाहिजे. तो कुठे पडतो हे कळायला पुस्तक लागत नाही: लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा झाडूच्या दांड्याला बांधा, खांद्याला लटकवा, आरशात बघा.

कुठे अडकतो?

प्रत्येक बंदुकीचं उत्तर वेगळं आहे, आणि एका बंदुकीची पद्धत दुसरीला लावणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

ली-एन्फिल्ड: पुढची कडी लाकडाला धरणाऱ्या पट्टीखाली, मागची दस्त्याखाली. पट्टा विणलेल्या कापडाचा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. टोक कडीतून ओवून मागे दुमडलेलं असतं आणि ते किती दुमडलं यावर लांबी ठरते. मध्ये बकल नसतं. तरी किटमधून उरलेलं बकल हौसेने पट्ट्याच्या मध्यावर चिकटवलेलं हमखास दिसतं.

जर्मन कार ९८के: पट्टा चामड्याचा आणि बंदुकीच्या डाव्या बाजूला. पुढे नळीच्या पट्टीच्या डाव्या अंगाला अडकतो, मागे दस्त्यातून आरपार गेलेल्या खाचेत. दस्त्याखाली कडी लावलेली कार ९८के दिसली की पुढचं बघायचीही गरज उरत नाही.

सोव्हिएत मोसिन ९१/३०: लाकडात पुढे-मागे लांबट खाचा, त्यांतून चामड्याचे छोटे फास, आणि पट्टा त्या फासांना. पट्टा थेट खाचेत घालू नका.

अमेरिकन एम १ गॅरंड: सुरुवातीला एम १९०७ हा चामड्याचा पट्टा, दोन तुकड्यांचा, पितळी आकड्यांचा, भोकांच्या जोड्यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात कापडी पट्टा आला. १:३५ मध्ये ती भोकं कोरायला जाऊ नका. सुईच्या टोकाने नुसती खूण पुरे.

थॉम्पसनच्या (म्हणजे टॉमीगनच्या) बाबतीत कड्यांची जागा सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे तुम्ही जी विशिष्ट बंदूक करताय तिचाच फोटो समोर ठेवा.

कडी स्वतःची करावी. किटमध्ये ती भरीव गाठीसारखी ओतलेली असते, तिच्यातून पट्टा ओवणं शक्यच नाही. ती कापून टाका आणि ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचं ड्रिल पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या मुठीत, धरून भोक पाडा. तारेसाठी बिघडलेल्या इअरफोनची वायर सोला. आतले तांब्याचे धागे ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतात, म्हणजे मूळ मापात साडेतीन मिलिमीटर. घरातल्या विजेच्या वायरीचा ०.२ मिलिमीटरचा धागा मूळ मापात सात मिलिमीटरचा होतो, बैलाच्या वेसणीला शोभेल असा. इअरफोनच्या धाग्यावर लाखेचा थर असतो. गोंद धरत नसेल तर टोक थोडं खरवडा.

रुंदी आणि जाडी

पायदळाच्या बहुतेक रायफलींचे पट्टे एक ते सव्वा इंच रुंद असतात. १:३५ ला याचे ०.७ ते ०.९ मिलिमीटर होतात, १:४८ ला ०.५ ते ०.६५, १:७२ ला ०.३५ ते ०.४५, आणि १:१६ ला १.६ ते २. दीड मिलिमीटरचा पट्टा १:३५ च्या फिगरवर दिसला तर तो सैनिक दोन इंच रुंद पट्टा वापरतोय.

रुंदी लोक मोजतात, जाडी मोजत नाहीत. खरा पट्टा अडीच-तीन मिलिमीटर जाड, म्हणजे १:३५ ला ०.०७ ते ०.०९. साधा ८० जीएसएमचा छपाईचा कागद ०.१ मिलिमीटर. त्यावर प्रायमर, रंग आणि वॉर्निश चढलं की पट्टा मूळ मापात साडेचार-पाच मिलिमीटरचा झाला. कडीजवळ दुमडला की दुप्पट. म्हणून सुरुवात बारीक करावी, रंग जाडी वाढवणारच आहे.

कापताना एकसारखी रुंदी येत नसेल तर ९ मिलिमीटर कटरची दोन नवी ब्लेड शेजारी शेजारी ठेवा आणि मध्ये ०.४ मिलिमीटरची प्लास्टिक शीट. ब्लेड साधारण ०.४ जाडीचं असतं आणि धार जाडीच्या मध्यावर, म्हणून दोन धारांमधलं अंतर शीट अधिक एक ब्लेड, म्हणजे ०.८ येतं. नेमकं हवं तेवढं. टेपने घट्ट बांधा आणि काचेवर पोलादी पट्टी धरून दोन-तीनदा हलक्या हाताने ओढा. कात्रीने कापू नका, पट्टी स्प्रिंगसारखी वळते.

आता साहित्य

माझी पहिली पसंती औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाला. पण ज्यात एका बाजूला पारदर्शक प्लास्टिकचे फुगे असतात ते नको, त्यामागची पत्री कडक असते आणि वाकवताना फाटते. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम असलेलं पाकीट घ्या. ते मऊ असतं, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि दोन्ही मिळून जाडी आपल्याला हव्या त्या मापाच्या जवळ येते. त्यावरची बारीक चौकटींची नक्षी चमच्याच्या पाठीने काचेवर घासून सपाट करा. ती कापडाच्या विणीसारखी दिसते म्हणून ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. १:३५ मध्ये पट्ट्याची वीण दिसण्याइतकी मोठी नसतेच.

स्वयंपाकघरातली फॉइल एकेरी वापरायला फार पातळ. फेविकॉलने दोन-तीन थर चिकटवून पुस्तकाखाली दाबले तर चालते. फोटो-एच पितळावर बकलं सुंदर असतात, पट्टे मात्र मला आवडत नाहीत. पितळ मुळात स्प्रिंगसारखं वागतं. वापरायचंच असेल तर आधी चिमट्यात धरून मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीत रंग बदलेपर्यंत तापवा आणि आपोआप निवू द्या. मग ते बोटाने वाकवावं तसं वाकतं.

जुन्या लेखांत वाइनच्या बाटलीच्या गळ्यावरची शिशाची पत्री सुचवलेली असते. तो सल्ला आता जुना झाला. अमेरिकेने १९९६ मध्ये शिशाच्या त्या वेष्टनांवर बंदी घातली आणि आज बाटलीवर ॲल्युमिनियम, कथील किंवा प्लास्टिकच मिळतं. नाशिकची वाइन आणून पत्री शोधणाऱ्यांनी वाइन तेवढी प्यावी. शिशाचा पत्रा वेगळा मिळाला तर तो अप्रतिम वाकतो, पण तो घासायचा नाही, हात धुवायचे, लहान मुलांपासून लांब ठेवायचा. त्याची आणखी एक भानगड आहे, ती शेवटी सांगतो.

लावल्यानंतरची दुखणी

*पट्टा दोन दिवसांत उसळून मूळ आकारावर येतो.* म्हणजे तो ताणाखाली चिकटवला आहे. आकार बंदुकीवर द्यायचाच नाही. बाहेर, पेनच्या रिफिलवर किंवा ड्रिलच्या मागच्या दांड्यावर वळवून झोल आणि पीळ आधी बसवा. हात सोडल्यावर पट्टा स्वतःहून दोन्ही कड्यांपर्यंत पोहोचत असेल तरच गोंद लावा. कागद असेल तर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवा, वळवा, वाळू द्या.

*पावसाळ्यात कागदी पट्टा वाकडा होतो.* कागदाच्या तंतूंना दिशा असते आणि दमट हवेत कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. पट्टा नेहमी तंतूंच्या दिशेने, लांबीला लांबी, कापा. दिशा कळण्यासाठी कागद फाडून बघा: ज्या दिशेला सरळ फाटतो ती तंतूंची. रंगवण्याआधी दोन्ही बाजूंना वॉर्निशचा पातळ हात दिला तर दमट हवा आत शिरायला वेळ लागतो. खालची बाजू सोडू नका, पट्टा एकाच बाजूने फुगला की हमखास वळतो.

*मास्किंग टेपची टोकं सुटतात.* टेपचा स्वतःचा गोंद कायमचा नसतो, तो हळूहळू सरकतो. टेपचा पट्टा उत्तम होतो, पण दुमडलेल्या टोकाखाली सुईच्या टोकाने पातळ सुपरग्लूचा ठिपका द्यावाच लागतो.

*गोंदाभोवती पांढरी धूसर झाक येते.* सुपरग्लूची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसते त्याचा हा परिणाम. कमी गोंद, हवा खेळती, आणि रंगवलेल्या फिगरवर शक्यतो पांढरा गोंद. आधीच आली असेल तर मॅट वॉर्निशचा हात दिल्यावर बहुधा दिसेनाशी होते. कागदावर सुपरग्लू मात्र वेगळा त्रास देतो: तो कागदात शोषला जातो, तेवढा भाग काळपट आणि काचेसारखा कडक होतो, आणि मग वाकवताना तिथेच मोडतो.

*रंगाला तडे जातात, सोलपटं निघतात.* धातूवर प्रायमर नसला किंवा रंगवल्यावर वाकवलं, दोनपैकी एक. पाकिटाच्या छापील बाजूवर लाखेचा थर असतो, तो १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका खरवडा. क्रम असा ठेवा: कापा, वळवा, बसवा, प्रायमर, रंग. आधी रंगवून मग लावणारे म्हणतात की बंदुकीमागे ब्रश पोहोचत नाही. जिथे तुमचा ब्रश पोहोचत नाही तिथे बघणाऱ्याची नजरही पोहोचत नाही, तिथे गडद रंगाचा एक फटकारा पुरे.

*रंग बरोबर, तरी पट्टा प्लास्टिकचा दिसतो.* चकाकी तपासा. कापडी पट्टा पूर्ण मॅट. चामड्याला किंचित ओली झाक, आणि तीही जिथे हात लागतो तिथे जास्त. पट्ट्याच्या दोन्ही कडांना गडद तपकिरी पातळ तेलरंगाची रेघ ओढली की तो गणवेशापासून सुटा दिसतो. पितळी टोप्या सोनेरी चमकवू नका, तपकिरी मिसळलेला पितळी रंग आणि वरच्या कडेला एक फिका ठिपका.

*शोकेसमध्ये वर्षभराने पट्ट्यावर पांढरी भुकटी येते.* ही शिशाची भानगड. ती बुरशी नाही, पुसून उपयोग नाही. ॲसिटिक आम्लाच्या वाफेने शिसं झिजतं, आणि ती वाफ येते कुठून तर शोकेसच्या एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांतून), काही लाकडांतून, पांढऱ्या गोंदातून आणि काचा जोडायला वापरलेल्या सिलिकॉनमधून. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो तेच ते सिलिकॉन. बंद पेटीत वाफ कोंडते आणि कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर दमट हवा तिला हातभार लावते. भुकटी आलेला पट्टा वाचत नाही. मास्क लावून ओल्या कापसाने तो काढून टाका, कापूस लगेच पिशवीत बांधा, आणि त्या जागी ॲल्युमिनियमचा बसवा. नवा शिशाचा पट्टा लावायचाच असेल तर दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांनाही प्रायमर द्या, पांढरा गोंद टाळा, आणि नवी काचपेटी बनवून घेताना कारागिराला वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन वापरायला सांगा. जुनी पेटी असेल तर मागच्या फळीला वर एक आणि खाली एक भोक पाडून आतून बारीक जाळी लावा.